कार्डाची मागची बाजू

बायको: सही करते म्हटलं ना! पण आधी ते कार्ड इस्त्रीच्या चादरीवरून उचला. भाजलं तर तुमच्या शब्दकोशातला एक शब्द जायचा आणि बोल मला लागायचा.

नवरा: हळू बोल. तीस वर्षं त्या कचेरीत काढली, एक कार्ड कधी दाराबाहेर नेलं नाही. आज डब्याच्या पिशवीत घालून आणलंय. पिशवी तपासली असती तर काय तोंड दाखवलं असतं?

बायको: तुमची पिशवी कोण तपासणार? आहे काय एवढं त्यात?

नवरा: वाच की.

बायको: एका हातात इस्त्री आहे, दुसऱ्या हातात तुमच्या शर्टाची बाही. तुम्हीच वाचा. तुम्हाला आवडतंच वाचून दाखवायला.

नवरा: "अल्पसंतुष्ट. विशेषण. थोडक्यावर समाधान मानणारा. पुढे जाण्याची इच्छा नसलेला. बहुधा निंदेने." हे "बहुधा निंदेने" माझं नाही हं. मी लिहिलं होतं, "कौतुकानेही". आमच्या मुख्य संपादिका मॅडमनी खोडलं. तांबड्या शाईनं.

बायको: बरोबरच खोडलं. छत्तीस वर्षं गणित शिकवलं मी. शिक्षकांच्या खोलीत कुणाला कौतुकानं अल्पसंतुष्ट म्हटलेलं एकदाही ऐकलं नाही. कौतुक करायचं असेल तर माणूस सरळ समाधानी म्हणतो. अल्पसंतुष्ट म्हणजे पस्तीस मार्क पडले की वर्गभर उड्या मारत फिरते, ती पोरगी.

नवरा: अर्थावरून मी कचेरीत भांडीन. तू अर्थाखालचं वाक्य ऐक. "आमचे हे अल्पसंतुष्ट, ताट समोर आलं तरी म्हणतात, भूक नाही."

बायको: मस्त आहे की वाक्य. लगेच कळतं.

नवरा: तुझं आहे.

बायको: माझं?

नवरा: आमच्याकडे वाक्य टेबलावर बसून रचत नाहीत. कुणाच्या तरी तोंडून ऐकलेलंच घ्यायचं, असा नियम. कोण बोललं, कुठे, कधी, ते कार्डाच्या मागे लिहायचं. ही बघ मागची बाजू. "मुख्य संपादकांच्या नेमणुकीचा समारंभ, चहाच्या वेळी. बोलणारी: सहकाऱ्याची पत्नी." आणि तारीख. चौदा वर्षांपूर्वीची. अक्षर मॅडमचं.

बायको: सहकाऱ्याची पत्नी! मला नाव नव्हतं का हो?

नवरा: नाव घालत नाहीत. नातं नाहीतर धंदा लिहितात. भाजीवाली, बस-कंडक्टर, वकील.

बायको: मग "गणिताची शिक्षिका" लिहायचं. ते नाही सुचलं तुमच्या मॅडमना.

नवरा: ते राहू दे गं! माझं काय झालं ते ऐक. पहिला खंड छापायला चाललाय. पान दोनशे बाराचं प्रूफ तपासायला कुणाच्या टेबलावर आलं? माझ्या. समोरचा कारकून तोंडावर फाइल धरून हसत होता. ती नवी दोघं पोरं उगाच पाणी प्यायला उठली. सगळ्या कचेरीला माहीत आहे, हे वाक्य कुणाच्या बायकोचं आणि कुणाबद्दल. दीड वर्षात मी निवृत्त होणार. माणूस जाईल, खंड राहील. पुढची शंभर वर्षं लोक कपाटातून काढून वाचणार, ताट समोर आलं तरी भूक नाही!

बायको: शंभर वर्षं कोण वाचतंय? "अ" छापायला तुम्हाला तीस वर्षं लागली. "ज्ञ" येईपर्यंत वाचणारा तरी उरेल का?

नवरा: चेष्टा नको. आमच्यात एक सोय आहे. बोलणाऱ्यानं वाक्य मागे घेतलं तर ते काढावंच लागतं. कार्डाच्या मागे खाली रिकामी ओळ आहे. तिथं मागे घेण्याचं कारण लिहायचं आणि सही करायची. उद्या सकाळी मी गुपचूप कार्ड जागेवर ठेवतो आणि मॅडमना दाखवतो. बस्स. दोन मिनिटांचं काम आहे.

बायको: कारण काय लिहू?

नवरा: "असे बोलल्याचे आठवत नाही."

बायको: पण मला आठवतंय ना.

नवरा: आठवत असलं तरी लिहायला काय जातं?

बायको: चांगलंच आठवतंय. निळी साडी नेसले होते. तुमची ती कालची शिकाऊ मुलगी, जिला तुम्ही कार्ड कसं लिहायचं ते शिकवलं, ती मुख्य संपादकाच्या खुर्चीत बसलेली, हातात फुलांचा गुच्छ. आणि तुम्ही कोपऱ्यात बशीतलं बिस्किट चहात बुडवत उभे. पण मी गेले, तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं, अभिनंदन, आमचे हे तर अल्पसंतुष्ट, ताट समोर आलं तरी म्हणतात भूक नाही. सगळे हसले. तुम्हीपण हसलात.

नवरा: चारचौघांत हसावं लागतं.

बायको: एक सांगू? मी रागानं बोलले होते. महिनाभर तुमच्या मागे लागले होते, अर्ज करा, अर्ज करा. तुम्ही म्हणालात, मी अर्जच केला नाही, मला ते खुर्चीबिर्चीचं नकोच. तेव्हा अस्सा राग आला होता! पण घरी येताना रिक्षात मला आतून बरं वाटत होतं. म्हटलं, बाकीचे नवरे एका बढतीसाठी साहेबाच्या मुलांचे अभ्यास घेतात. माझा नवरा एवढ्या मोठ्या जागेकडे ढुंकून बघत नाही. हे कधी तुम्हाला बोलले नाही. आज सांगते.

नवरा: हं.

बायको: हं काय? चांगलं बोलतेय मी.

नवरा: ऐकलं. पेन घे.

बायको: द्या. "आठवत नाही" नको, "थट्टेने बोलले होते" लिहिते. ते निदान अर्धं खरं आहे. तुमचा फोन वाजतोय.

नवरा: वाजू दे. मॅडम असतील. उचलू नकोस.

बायको: मी कशाला तुमचा उचलू? घ्या, थांबला. आता माझा वाजायला लागला.

नवरा: तोही उचलू नको!

बायको: का? मी कुठलं कार्ड चोरलंय? कॉलर अर्धी राहिलीये, हात सोडता येत नाही. ते स्पीकरचं बटण दाबा. दाबा हो!

(फोन इस्त्रीच्या टेबलाच्या कडेला, स्पीकर चालू. संपादिकेचा आवाज खोलीभर ऐकू येतो.)

संपादिका: वहिनी, नमस्कार! सर घरी आहेत का? फोन उचलत नाहीयेत.

बायको: अंघोळीला गेलेत. बोला ना मॅडम.

संपादिका: संध्याकाळची त्रास देतेय. आमचं एक कार्ड सापडत नाहीये. उद्या दहाला पान प्रेसला जायचंय आणि ट्रेमध्ये कार्डाची जागा रिकामी. कारकून म्हणतो, शेवटी सरांच्या हातात होतं.

बायको: असेल त्यांच्याकडेच. कुठल्या तरी वहीत राहिलं असेल.

संपादिका: तसं असेल तर जीव भांड्यात पडला. वहिनी, आता तुमच्याशी बोलतेच आहे तर... ते कार्ड तुमच्याच वाक्याचं आहे. सरांनी सांगितलं असेल.

बायको: आत्ताच सांगितलं त्यांनी.

संपादिका: सर चिडलेत का?

बायको: थोडे.

संपादिका: मला तीच धास्ती होती. खरं सांगू का वहिनी, मी ते वाक्य चेष्टेनं नाही घेतलं हो. उलट त्या दिवशी मला तुमचं इतकं कौतुक वाटलं! दुसरी कुणी असती तर माझ्याकडे बघितलंसुद्धा नसतं. सर आणि मी एकाच जागेसाठी अर्ज केलेला, एकाच बाकावर मुलाखतीला बसलेलो, आणि जागा मिळाली मला. आणि तुम्ही येऊन सगळ्यांसमोर किती सहज त्यांची बाजू सावरलीत! यांना नकोच होती म्हणे! नवऱ्याचा शब्द असा राखायला मोठं मन लागतं. म्हणून घरी जाऊन लगेच लिहून काढलं.

बायको: मुलाखत... कशी झाली होती हो ती? यांनी नीट सांगितली नाही कधी.

संपादिका: अहो, सरांचा अभ्यास माझ्या दुप्पट! पण समितीनं दोघांना एकच प्रश्न विचारला, कोश किती वर्षांत पुरा होईल? सर म्हणाले, शब्द संपतील तेव्हा. सगळे हसले, आणि तिथंच बिनसलं. मी सांगितलं, सहा वर्षांत. झाली चौदा! सरांचंच खरं निघालं म्हणायचं. नंतर समितीच्या अध्यक्षांना त्यांनी दोन पत्रंही लिहिली होती, फेरविचार करा म्हणून. मला राग नाही हो त्याचा. त्यांच्या जागी मीही लिहिली असती.

बायको: दोन पत्रं.

संपादिका: हो. जाऊ दे ते जुनं. कार्ड तेवढं उद्या आणायला सांगा. आणि वाक्य नको असेल तर तसंही सांगा. तुमचं आहे, तुमचा हक्क आहे.

बायको: सांगते. ठेवते हं मॅडम.

नवरा: गेला फोन?

बायको: गेला.

नवरा: तिला काय गरज होती जुनी मढी उकरायची? इस्त्री उचल. शर्ट जळेल.

बायको: बंद केलीये मघाशीच. बसा. तिथं नाही, समोर बसा. अर्ज केला होता?

नवरा: केला होता.

बायको: मुलाखत दिली.

नवरा: दिली.

बायको: आणि दोन पत्रं.

नवरा: तीन. एक पाठवलं नाही.

बायको: मुलाखतीच्या दिवशी सकाळी मला काय सांगून गेलात?

नवरा: आठवत नाही.

बायको: मला सांगू नका आठवत नाही! पांढरा शर्ट मागितलात. मी विचारलं, आज काय विशेष? म्हणालात, पुस्तकांच्या प्रदर्शनाला जायचंय. तोच ना तो दिवस? तो शर्टसुद्धा मीच इस्त्री केला होता.

नवरा: मिळाली तर येऊन सांगू, असं ठरवलं होतं. एकदम सांगायचं. तुला आनंद झाला असता.

बायको: आणि नाही मिळाली तर?

नवरा: तर काय सांगणार होतो? कालच्या पोरीनं हरवलं? जिचं शुद्धलेखन मी सुधारलं, तिनं? निकाल कळला त्या रात्री तू दारातच विचारलंस, काय झालं त्या जागेचं, केलात की नाही अर्ज? आणि तोंडातून निघून गेलं, नाही केला, मला नकोच. एकदा म्हटल्यावर मग...

बायको: मग ते सोयीचं पडलं.

नवरा: हरलेल्या माणसाची लोक कीव करतात गं. ज्याला नकोच असतं, त्याला निदान नावं ठेवतात. मला नावं चालली असती. कीव नसती चालली. तुझी तर नाहीच.

बायको: कळतंय मला. हे कळतंय. माणूस घाबरतो, थाप मारतो. एवढ्यावर थांबला असतात तर मी आत्ता तुम्हाला चहा करून दिला असता. पण तुम्ही थांबलात का?

नवरा: म्हणजे?

बायको: तुमचा तो समारंभ मार्चमध्ये. मेमध्ये मला पत्र आलं. आठवतंय का, की तेही नाही?

नवरा: कुठलं पत्र?

बायको: कुठलं पत्र! आमच्या शाळेच्या नव्या शाखेचं. मुख्याध्यापिका म्हणून. चार तासांवरचं गाव, शाळेच्या आवारात राहायला घर, दोन खोल्या आणि गच्ची. आपली लेक बारा वर्षांची, गच्ची म्हटल्यावर नाचायला लागली. तुम्ही याच टेबलाशी बसला होतात.

नवरा: मी नको म्हटलं नव्हतं.

बायको: नको कसं म्हणाल? तुम्ही शब्दांचे माणूस. तुम्ही म्हणालात, "आपल्याला काय कमी आहे? मी एवढी मोठी जागा सोडली, माझं काय अडलं? तू पण सोड. माणसानं खुर्चीच्या मागे धावू नये." मी दोन दिवस विचार केला हो. दोन दिवस! पोळपाटाशी, वर्गात, बसमध्ये. आणि मनात एकच, हा माणूस एवढं सोडून शांत आहे, मग मीच कशी हावरी? मला स्वतःची लाज वाटली.

नवरा: मी तुला भाग पाडलं नाही.

बायको: नाही पाडलंत. मी नकाराचं पत्र लिहिलं, "घरगुती अडचणीमुळे". तुम्ही ते हातातून घेतलंत. म्हणालात, भाषा बरोबर नाही, अडचण कुठली आहे आपल्याला? खोडलंत आणि वर स्वतःच्या अक्षरात लिहिलंत, "सध्याच्या कामात पूर्ण समाधानी असल्यामुळे". मी ते तसंच्या तसं उतरवलं आणि खाली सही केली. त्याच आठवड्यात तुमचं तिथं पत्र चाललं होतं, फेरविचार करा!

नवरा: आठवडा तोच होता की नाही, ते...

बायको: आठवड्याचा हिशेब नका करू माझ्याशी!

नवरा: तू गेली असतीस तर मी इथं एकटा पडलो असतो. रोज सकाळी उठून तिला मॅडम म्हणायचं आणि संध्याकाळी रिकाम्या घरी यायचं. आणि बायको तिकडे मुख्याध्यापिका. मला नसतं झेपलं.

बायको: मग तसं म्हणायचं. मला झेपणार नाही, जाऊ नकोस. मी राहिले असते. शपथेवर सांगते, राहिले असते. भांडले असते, रडले असते आणि राहिले असते. पण मग ते मी सोडलं असतं, माहीत असून. तुम्ही मला काय सोडतेय तेच कळू दिलं नाहीत.

नवरा: चुकलं.

बायको: माझ्या जागी जी गेली, ती मला नऊ वर्षं ज्युनियर. माझ्या निवृत्तीला आली होती. भाषणात म्हणाली, बाई फार समाधानी वृत्तीच्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. कुठून आला तो शब्द तिच्याकडे? त्या पत्रातून. चौदा वर्षं माझ्या फाइलीत तुमचं वाक्य पडून होतं आणि खाली माझी सही.

नवरा: चुकलं म्हणतोय ना मी. आता काय करू? पाया पडू?

बायको: काही करू नका. पेन कुठंय?

नवरा: राहू दे आता ते.

बायको: का? मघाशी तर घाई होती. शंभर वर्षं लोक वाचतील म्हणत होतात.

नवरा: राहू दे. वाचू देत. छापू दे ते वाक्य. मला चालेल.

बायको: मला नाही चालणार. वाक्य माझं आहे. मॅडम काय म्हणाल्या? माझा हक्क आहे. आणा ते कार्ड इकडे.

नवरा: काय लिहितेस?

बायको: कारण.

नवरा: "थट्टेने बोलले होते" एवढंच लिही. मघाशी तूच म्हणालीस.

बायको: मघाशी मला ठाऊक नव्हतं. घ्या, वाचा. तुम्हाला आवडतं ना वाचून दाखवायला? वाचा मोठ्यानं.

नवरा: "हे वाक्य खरे नाही. नवऱ्याने मला खोटे सांगितले होते. गणिताची शिक्षिका."

बायको: भाषा बरोबर आहे?

नवरा: असं नको गं. हे कार्ड कायम जपून ठेवतात. मॅडम वाचतील, कारकून वाचेल, ती पोरं...

बायको: मॅडमना काय नवीन आहे त्यात? समितीला माहीत होतं, मॅडमना माहीत होतं, दोन पत्रं फोडणाऱ्या शिपायालाही माहीत असेल. चौदा वर्षं एकटी मीच येडी, तुमची बाजू सावरत हिंडत होते.

नवरा: दुसरं कोरं कार्ड आणतो उद्या. त्यावर वाक्य उतरवू, आणि तू साधं काहीतरी...

बायको: दीड वर्ष राहिलंय, खोटं कार्ड करून नोकरी घालवायचीय का? ठेवा ते इथं, माझ्या पर्समध्ये. उद्या मी येते तुमच्याबरोबर. मॅडमच्या हातात मीच देते.

नवरा: तू कशाला हेलपाटा घालतेस? मी देईन की. खरंच देईन. जसंच्या तसं.

बायको: तुम्ही संध्याकाळी घरी येऊन म्हणाल, दिलं. आणि मी खरं मानीन. मला तीच सवय आहे.